नांगरावरचा उन्हाळा

भूमध्य समुद्रात शिडाच्या बोटीवर बिऱ्हाड करून राहणाऱ्यांची संख्या उन्हाळ्यात एकदम फुगते. घर भाड्याने देऊन निघालेली निवृत्त जोडपी, मुलांची शाळा वर्षभर बाजूला ठेवून फिरणारी कुटुंबे, मोबाइलला रेंज असेल तिथे कचेरी थाटणारे तरुण, असे नाना तऱ्हेचे लोक त्यांत असतात. बोटी बहुधा दहा ते चौदा मीटर लांबीच्या. तेवढ्यात दोन-तीन केबिन, एक बैठक, स्वयंपाकाचा ओटा, संडास, इंजिन आणि पाण्या-डिझेलच्या टाक्या बसवलेल्या. फिनलंडचा स्वीडिशभाषक लेखक योरान शिल्ट १९४८ साली ‘दाफ्ने’ नावाची दोन डोलकाठ्यांची बोट घेऊन उत्तरेकडून या समुद्रात उतरला आणि पुढची अनेक वर्षे तिथे हिंडत राहिला. त्या वेळी अशी माणसे विरळा होती. आज ऑगस्ट महिन्यात ग्रीस, क्रोएशिया किंवा सार्डिनियाच्या आडोशाच्या खाडीत दुपारनंतर पोहोचले, तर नांगर टाकायला जागा मिळेलच याची खात्री नसते.

हा उन्हाळा कोरडा असतो, आणि त्याच्या कोरडेपणात आपल्या मोसमी पावसाचा हात आहे. जून ते सप्टेंबर या काळात भारतीय उपखंडावर पाऊस पडताना वातावरणाच्या वरच्या थरांत प्रचंड उष्णता मोकळी होते. तिच्या परिणामाने दूर पश्चिमेला, पूर्व भूमध्यावर हवा खाली उतरू लागते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, कोरडी होते आणि ढग धरू देत नाही. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हा संबंध दाखवून दिला. कोकणात आषाढाची झोड उठलेली असताना क्रीट बेटावर आठवडेच्या आठवडे निरभ्र आकाश असते, तो केवळ योगायोग नाही. त्याच मोसमी कमी दाबाचा पट्टा इराणवरून तुर्कीपर्यंत पसरतो. बाल्कन प्रदेशावर मात्र हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधून एजियन समुद्रावर उत्तरेचा कोरडा वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये तो ऐन भरात असतो. आकाशात ढगाचा ठिपका नसताना २५-३० नॉट, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने तो सलग तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही वाहतो. प्राचीन ग्रीकांना तो चांगला ठाऊक होता. मॅसिडोनियाचा राजा फिलिप या वाऱ्याच्या दिवसांचा हिशेब करूनच मोहिमा काढतो, कारण त्या दिवसांत अथेन्सच्या नौदलाला उत्तरेकडे जाता येत नाही, असे वक्ता डेमॉस्थेनीसने आपल्या नागरिकांना बजावले होते.

बोटीवर राहणाऱ्याच्या दृष्टीने या वाऱ्याची दोन रूपे आहेत. उन्हाळ्यात बोटीचे घर राहण्याजोगे ठेवतो तो हाच वारा, आणि रात्रीची झोप उडवतो तोही हाच. बोटीवरच्या उन्हाळ्यातले बहुतेक निर्णय या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी घेतलेले असतात.

उकाड्याचे मूळ बोटीच्या बांधणीत आहे. भूमध्यात दिसणाऱ्या बऱ्याच बोटी फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, ब्रिटन अशा थंड देशांत आखलेल्या असतात. तिथे पाऊस-वारा बाहेर ठेवणे आणि ऊब आत राखणे हे मोठे काम. खिडक्या लहान आणि न उघडणाऱ्या, छतावर मोजकी झडपांची दारे, सगळीकडे लाकूड आणि गाद्या. पाण्याखालचा भाग समुद्राच्या तापमानाला असतो. पण वरचा डेक दिवसभर ऊन खातो. बंद केबिनमधला पारा भर दुपारी चाळिशी सहज ओलांडतो. सागवानी डेक दिसायला देखणा, पण दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. बादलीभर समुद्राचे पाणी ओतले की तो काही मिनिटे निवतो. म्हणून पहिले काम सावलीचे. सुकाणूच्या जागेवर कायमचे कापडी छत असते. नांगर टाकल्यावर डोलकाठीपासून मागपर्यंत आणखी एक मोठे कापड आडव्या दांडीवरून ताणले जाते. ते फिक्या रंगाचे असावे, डेकपासून वर उचललेले असावे, म्हणजे खालून हवा खेळते. आणि वारा उठला की दोन मिनिटांत उतरवता यावे. ही शेवटची अट विसरलेली छते मेल्तेमीत फाटून जातात.

सावलीनंतर वारा. इथे बंदर आणि नांगर यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. भूमध्यात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी तीस-चाळीस सेंटीमीटरच्या आतच असतो. ट्युनिशियाचे गाबेस आखात आणि एड्रियाटिकचे उत्तर टोक हे ठळक अपवाद. पाणी फारसे वर-खाली होत नसल्याने धक्क्याला बोटी शेजारी शेजारी, पाठ लावून बांधण्याची पद्धत पडली. पुढून नांगर किंवा तळाला पक्का केलेला दोर, मागून दोन दोर धक्क्याला, आणि उतरायला एक फळी. जागा वाचते, गावात पाय टाकता येतो. पण बोटीचे तोंड कुठे असेल हे धक्का ठरवतो, वारा नाही. शिवाय दिवसभर तापलेला दगडी धक्का रात्री उष्णता ओकत राहतो, आणि दोन्ही बाजूंच्या बोटी हवा अडवतात. खुल्या पाण्यात नांगरलेली बोट मात्र आपोआप वाऱ्याकडे नाळ करून उभी राहते. नाळेजवळचे झडपेचे दार उघडले की हवा पुढून शिरते आणि मागच्या दारातून बाहेर पडते. त्या दारावर वारा आत वळवणारे छोटे कापडी शीड टांगले, तर हलक्या झुळकेतही केबिन निवते. त्यामुळे अनुभवी लोक ऐन उन्हाळ्यात शक्यतो बंदर टाळतात. बंदरात २३० व्होल्टची वीज मिळते आणि वातानुकूलन यंत्र चालवता येते, हे खरे. पण ते यंत्र स्वतःला थंड करण्यासाठी समुद्राचेच पाणी ओढते. ते पाणी २८ अंशांवर गेले की त्याची ताकद घटते, आणि एखादी जेलीफिश जाळीत अडकली की ते बंदच पडते.

मात्र नांगरावर राहायचे ठरवले की नळ, विजेची जोडणी आणि दुकान या तिन्ही गोष्टी दूर जातात.

पाण्याचे गणित सगळ्यांत कडक. अशा बोटीच्या टाक्यांत २०० ते ५०० लिटर पाणी मावते. काटकसरीने वापरले तर माणशी दिवसाला दहा-पंधरा लिटर पुरते. त्यातले तीनेक लिटर उन्हाळ्यात पिण्यातच जातात. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा. अंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी, मग मागच्या पायरीवर एक-दोन लिटरचा शिडकावा. हा शेवटचा शिडकावा चैनीचा नाही. भूमध्याचे पाणी खुल्या महासागरापेक्षा खारट असते: महासागरात किलोमागे ३५ ग्रॅम मीठ, तर इथे ३८-३९. अंगावर आणि कपड्यांवर राहिलेले मीठ हवेतला ओलावा शोषते, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेली गादी किंवा टॉवेल रात्री पुन्हा दमट होतो आणि धुतल्याशिवाय खऱ्या अर्थाने वाळतच नाही. ओला पंचा केबिनमध्ये न नेण्याचा नियम त्यामुळे बोटीवर लहान मुलांनाही पाळावा लागतो. टाकीतले पाणी समुद्राइतकेच कोमट असते आणि कोमट साठ्यात जंतू वाढतात, म्हणून त्यात मोजून क्लोरीन घालतात.

एजियनमधल्या सिक्लाडीस बेटांवर तर पाणी मुळातच दुर्मीळ. अनेक बेटांना पूर्वी जहाजाने पाणी पुरवले जाई, आता किनाऱ्यावर निर्क्षारीकरणाचे कारखाने आहेत. धक्क्यावरचे पाणी लिटरच्या हिशेबाने विकत मिळते आणि ते प्रत्येक ठिकाणी पिण्याजोगे असतेच असे नाही. ज्यांना परवडते ते बोटीवरच पाणी तयार करणारे यंत्र बसवतात. पन्नास-साठ बार दाबाने समुद्राचे पाणी सूक्ष्म पडद्यातून ढकलले की मीठ मागे राहते. दाबातली ऊर्जा परत वापरणाऱ्या छोट्या यंत्रांना लिटरमागे चार-पाच वॉट-तास वीज लागते. मात्र तेलकट किंवा गढूळ पाण्याने पडदा खराब होतो, त्यामुळे हे यंत्र बंदरात चालवत नाहीत. म्हणजे पाणी बनवायचे तरी बोट स्वच्छ खाडीतच हवी.

वीज येते सूर्याकडून, आणि त्यातली बरीचशी फ्रिज खातो. थंड प्रदेशात दिवसातून काही वेळच चालणारा त्याचा कॉम्प्रेसर इथे जवळजवळ अखंड घरघरतो. १२ व्होल्टवर दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास ही साधी गोष्ट. बंद कपाटात बसवलेल्या कॉम्प्रेसरला स्वतःचीच गरम हवा पुन्हा मिळते. अशा वेळी कपाटाला दोन भोके पाडून एक छोटा पंखा लावणे हा महागडा फ्रिज घेण्यापेक्षा चांगला उपाय ठरतो. चारशे वॉटच्या सौर पट्ट्या उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन किलोवॉट-तास वीज देतात. पण पट्टी २५ अंशांच्या वर तापली की दर अंशामागे तिचे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते, आणि साठ अंशांवर गेलेली पट्टी आठवा हिस्सा गमावून बसते. डोलकाठीची किंवा दोराची बारीक सावलीही महागात पडते. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांना तर उन्हाळा मानवतच नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. इंजिनशेजारी, सगळ्यांत गरम कोपऱ्यात, बॅटऱ्या बसवण्याची बोटबांध्यांची सवय त्यामुळे अनाकलनीय वाटते.

स्वयंपाक पहाटे उरकतात. गॅसची शेगडी बोटीच्या हेलकाव्यांबरोबर झुलणारी असते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस बोटीच्या तळाशी साचून स्फोट होऊ शकतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात असतो आणि त्या कप्प्याचे भोक थेट समुद्राकडे उघडते. आपल्याकडच्या प्रत्येक घरात असतो तो प्रेशर कुकर इथे फार मोलाचा. गॅस कमी जळतो, केबिन कमी तापते आणि बोट एकाएकी कलली तरी आतली उकळती आमटी अंगावर येत नाही. बाजारातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढू देत नाहीत, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्यांचा उपद्रव होतो. ग्रीसमध्ये कॉफीची वाळलेली पूड वाटीत धुमसत ठेवून त्या पळवतात. डासांवर मात्र अंतर हाच उपाय: किनाऱ्यापासून दूर, वारा लागेल अशी जागा.

दिवसाची आखणी उन्हावरून होते. पहाटे बाजार, स्वयंपाक, दुरुस्ती किंवा प्रवास. अकरापासून पाचपर्यंत सावली आणि पाणी. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन छताखालीही पोहोचते, म्हणून सावलीत बसूनही कातडी भाजते. कामाच्या भरात पाणी प्यायचे राहून गेले की डोके दुखणे, मळमळ, चिडचिड सुरू होते. वाऱ्यात घाम लगेच वाळत असल्याने किती घाम गेला हे माणसाच्या ध्यानात येत नाही. बोलणे असंबद्ध झाले आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजायचा. अशा वेळी अंगावर पाणी ओतत वारा घालायचा, आणि रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागायची. उन्हाळ्यात हवेचे तापमान कुठवर जाऊ शकते याचा दाखला सिसिलीत आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराक्यूजजवळ ४८.८ अंशांची नोंद झाली, आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे ती युरोपातील उच्चांक म्हणून मान्य केली.

आता नांगराकडे यायला हवे, कारण एवढे सगळे संसाराचे ओझे त्याच्या साखळीला टांगलेले असते. पाच मीटर खोल पाण्यात पंचवीस ते तीस मीटर साखळी सोडतात. लांब साखळी तळावर लोळत राहते, त्यामुळे नांगरावरची ओढ आडवी येते आणि तो वाळूत रुततो. तळ पारखावा लागतो. फिका निळसर पट्टा म्हणजे वाळू. काळपट पट्टा म्हणजे पोसिडोनिया, या समुद्रातच आढळणारी सागरी वनस्पती. तिच्या गवतात नांगर नीट रुतत नाही आणि ओढला गेला तर गवताची कुरणे उपटून काढतो. तिचे खोड वर्षाला काही सेंटीमीटरच पसरते, म्हणजे एका रात्रीचे नुकसान भरून यायला पिढ्या लागतात. बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये या कुरणांवर नांगर टाकण्यास बंदी घातली, आणि फ्रान्सनेही मोठ्या नौकांवर तसे निर्बंध आणले. वाळूचा पट्टा शोधत फिरण्याचा त्रास होतो खरा, पण तिथेच नांगर नीट धरतो, हे ध्यानात घेतले तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

एजियनमध्ये आडोसा निवडताना नवख्यांची फसगत होते. मेल्तेमी उत्तरेचा, म्हणून उंच बेटाच्या दक्षिणेची खाडी शांत असेल असे वाटते. प्रत्यक्षात वारा डोंगर चढून पलीकडे कोसळतो आणि खाडीत खुल्या समुद्रापेक्षाही जोरदार झोत येतात. अमोर्गोस आणि कार्पाथोस ही बेटे या झोतांसाठी बदनाम आहेत. लाटा नसतात एवढाच फायदा. आयोनियन समुद्रात, म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेला, चित्र सौम्य आहे. तिथे दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि सूर्यास्ताबरोबर पडतो. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो सुटला की बोट नांगराभोवती अर्धा फेरा घेऊन उलट तोंडाने उभी राहते. संध्याकाळी सुरक्षित वाटलेले अंतर मध्यरात्री शेजाऱ्याच्या बोटीपासून हातभर उरलेले असते. नांगर सरकला की वाजणारा गजर फोनवर लावून झोपणे हे तिथले सार्वत्रिक तंत्र आहे.

गर्दीचेही वेळापत्रक असते. भाड्याच्या बोटींचा आठवडा शनिवार ते शनिवार चालतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या तळांजवळची बंदरे तुडुंब भरतात. साखळ्या एकमेकींवर पडतात आणि सकाळी खालचा नांगर काढताना वरचेही उखडतात. इटलीत १५ ऑगस्टच्या सुट्टीच्या सुमारास याचा कळस होतो. ज्यांना तारखेचे बंधन नाही, त्यांनी हा पंधरवडा एखाद्या आडवाटेच्या खाडीत काढावा हे उत्तम.

तारखेचे बंधन मात्र अनेकांना असतेच. युरोपीय देशांच्या सामाईक शेंगेन क्षेत्रात बाहेरच्या बहुतेक नागरिकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. भारतीयांना हे नवे नाही. ब्रिटिशांना मात्र ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून याचा चटका बसला. पूर्व एजियनमधले लोक त्यावर सोपा तोडगा काढतात. कोस बेटावरून तुर्कीतले बोद्रुम समोर दिसते, दोन तासांत देश बदलतो आणि शेंगेनचे घड्याळ थांबते. तुर्कीत मात्र नियम वेगळे: मुग्ला प्रांताच्या किनाऱ्यावर बोटीतले सांडपाणी टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणी द्यावे लागते आणि त्याची नोंद ‘मावी कार्ट’ या निळ्या कार्डावर होते.

आगीचा धोका गेल्या काही वर्षांत ठळक झाला आहे. पाइनची जंगले थेट पाण्यापर्यंत उतरलेली असतात, आणि कोरड्या मेल्तेमीत ठिणगी पुरते. २०१८ च्या जुलैत अथेन्सजवळच्या माती या वस्तीत शंभराहून अधिक माणसे गेली. समुद्रात शिरलेल्या अनेकांना बोटींनी वाचवले. जून २०२४ मध्ये हायड्रा बेटावरचे पाइनचे रान एका मोठ्या नौकेवरून उडवलेल्या आतषबाजीने पेटल्याचा आरोप झाला आणि तिच्या १३ कर्मचाऱ्यांना अटक झाली. आग विझवणारी पिवळी कॅनडेर विमाने जवळच्या खाडीत उतरून काही सेकंदांत सहा हजार लिटर पाणी उचलतात. ती घिरट्या घालू लागली की नांगर उचलून त्यांची वाट मोकळी करायची असते.

समुद्रही बदलतो आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी भूमध्याच्या पृष्ठभागाचे मध्यक तापमान २८.९ अंशांवर गेले, तोवरचा तो उच्चांक होता. कोमट पाण्यात बोटीच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात; बंदरात महिनाभर उभ्या राहिलेल्या बोटीचा पंखा खरवडल्याशिवाय ती नीट हलत नाही. सुवेझ कालव्यातून हिंदी व प्रशांत महासागरातले जीव येऊन इथे स्थिरावले आहेत. २००३ मध्ये तुर्कीच्या गोकोवा आखातात प्रथम नोंदलेला एक विषारी फुगा मासा आज पूर्व भूमध्यात सर्रास आढळतो. गळाला लागला तरी तो खायचा नसतो. त्याचे विष शिजवल्याने जात नाही.

गरम समुद्रावर थंड हवा आली की वादळ बेभान होते. १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी कोर्सिकावर ताशी २२० किलोमीटरहून जोरदार झोत आले आणि नांगरावरच्या कितीतरी बोटी खडकांवर फेकल्या गेल्या. आधीच्या अंदाजात त्याची पुरेशी चाहूल नव्हती. १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीतल्या पोर्तिचेल्लोसमोर नांगरलेली ५६ मीटरची ‘बायेझियन’ ही शिडाची नौका बुडून सात जण दगावले. म्हणूनच ऑगस्टच्या उत्तरार्धात, हवा कितीही शांत असली, तरी रात्री छताचे कापड उतरवून, झडपांची दारे एका हाताने लावता येतील अशी ठेवून झोपण्याची शिस्त जुने लोक पाळतात.

वर्षानुवर्षे बोटीवर राहणाऱ्यांतले बरेच जण शेवटी जुलै-ऑगस्ट टाळायलाच शिकतात. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर ते पाण्यावर असतात. मधले दोन महिने बोट प्रेवेझा, लेरोस अशा ठिकाणच्या आवारात जमिनीवर चढवून गावी जातात. सप्टेंबरात मेल्तेमी ओसरतो, पाणी अजून कोमट असते आणि धक्क्यावर जागा मिळते. मात्र वादळांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. २०२० च्या सप्टेंबरात ‘इयानोस’ या चक्रीवादळासारख्या प्रणालीने केफालोनिया, इथाका आणि झाकिंथोस बेटांना तडाखा दिला, आणि खाड्यांत नांगरलेल्या बोटींचे मोठे नुकसान झाले. त्यामुळे ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेक बोटींची शिडे उतरवून घडी घातलेली असतात, टाक्या रिकाम्या केलेल्या असतात, आणि त्या हिवाळ्यासाठी पक्क्या दोरांनी बंदरात बांधल्या जातात किंवा क्रेनने किनाऱ्यावर चढवल्या जातात.